हातातून सुटलेली बॅट

शनिवारी सकाळी ईशानची बेसबॉलची मॅच होती. ईशान माझ्या बहिणीचा मुलगा, वय वर्षं बारा. न्यू जर्सीतला एप्रिल म्हणजे ऊन दिसतं, पण अंगाला लागत नाही. ॲल्युमिनियमच्या बाकावर बसलं की थंडी थेट हाडांत शिरते. बाबा सांगलीहून नुकतेच आलेले. कानटोपी, त्यावर माझ्या नवऱ्याचं ढगळ जाकीट, आणि हातात थर्मासचा चहा. रात्री पाऊस होऊन गेला होता, त्यामुळे गवत आणि पोरांचे हातमोजे दोन्ही ओलेच. ईशानने जोरात बॅट फिरवली, ‘टिंग’ असा खणखणीत आवाज आला आणि चेंडू लेफ्ट फील्डला उभ्या असलेल्या मुलाच्या डोक्यावरून पार मागे गेला. त्याच वेळी बॅटही निघाली. गरगरत जाऊन डगआउटसमोरच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेसमोरच्या जाळीवर आदळली. जाळी होती म्हणून बरं. ईशान दुसऱ्या बेसवर पोचला, अंपायरने त्याला बॅट फेकल्याबद्दल ताकीद दिली, आणि एवढा सुंदर फटका मारूनही पोरगं तोंड पाडून उभं राहिलं.

बाबा मात्र जाळीकडेच बघत होते. जरा वेळाने म्हणाले, “अगं, बॅट हातातून सुटली ना? मग फटक्याला जोर कुणाचा?”

मी ‘असेल कसा तरी’ म्हणून वेळ मारून नेली. पण बाबांचं आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलंय. यंत्राचा कुठला भाग कुणाला फिरवतोय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, आणि त्यांना पडली नाही की घरात कुणालाच पडत नाही. संध्याकाळी मेव्हण्याने फोनवर काढलेला व्हिडिओ आम्ही एकेक चित्र थांबवून बघितला. एका चित्रात चेंडू बॅटच्या हातभर पुढे. पुढच्या चित्रात चेंडू गायब, आणि हँडल व बोटं यांच्यामध्ये हिरवं गवत दिसतंय. मधलं काहीच नाही. ज्या क्षणाबद्दल आमचा वाद चालला होता, तो दोन चित्रांच्या फटीतून निसटला होता. फोन सेकंदाला साठ चित्रं काढतो म्हणे. पण चेंडू बॅटला चिकटलेला असतो तो जेमतेम ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातला एकही पुरा नाही. बॅट आधी सुटली की नंतर, हे त्या व्हिडिओला विचारण्यात अर्थच नव्हता.

मग मला टॉड फ्रेझर आठवला. २०१२ च्या मे महिन्यात सिनसिनाटीच्या मैदानात रेड्सच्या या खेळाडूने असाच एक फटका मारला होता. समोर कोलोराडोचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जेमी मॉयर, वय ४९, आणि त्याचे ते प्रसिद्ध संथ, भुलवणारे चेंडू. चेंडू बाहेर आणि खाली होता, फ्रेझर त्याच्यासाठी इतका वाकला, इतका ताणला गेला, की चेंडू बॅटवर आला तेव्हा बॅट त्याच्या दोन्ही हातांतून सुटलेली होती. आणि तो होम रन गेला. कुंपणापार! तो व्हिडिओ मोठ्या कॅमेऱ्याचा असल्यामुळे स्वच्छ दिसतो. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी पुन्हा. कुणीही न धरलेली बॅट हवेत आहे आणि चेंडू तिच्यावर आपटून शेकडो फूट लांब जातोय. “हे चमत्कारिक आहे,” बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडी ‘चमत्कारिक’ म्हणजे कुठेतरी बनवाबनवी आहे.

बनवाबनवी नाही. अ‍ॅलन नेथन नावाचे इलिनॉय विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बॅट आणि चेंडूच्या टकरीचं गणित बारकाईने मांडलंय. चेंडू बॅटच्या जाड भागावर आदळतो तेव्हा बॅट वाकते, आणि ते वाकणं लाटेसारखं हँडलकडे धावत जातं. ती लाट टोकाला पोचून मागे फिरेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे बॅट कुणी धरली आहे, घट्ट धरली आहे की सैल, की कुणीच धरलेली नाही, याची खबर चेंडूला मिळतच नाही. त्याला भेटते फक्त त्याच्या समोरच्या भागाची गती आणि वजन. टकरीचा जोर तरी केवढा असतो! रॉबर्ट अ‍डेर या येल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला हिशेब असा, की जोरकस फटक्यात हा जोर क्षणभर आठ हजार पौंडांच्या पुढे जातो. साडेतीन टनांहून जास्त. एवढ्या रेट्यापुढे बिचारी मनगटं काय करणार? तेव्हा मूठ आवळून धरणं म्हणजे धावत्या आगगाडीत बसून समोरची सीट ढकलण्यासारखंच.

म्हणजे फटका बसतो तेव्हा मारणाऱ्याचं काम संपलेलं असतं.

हे वाक्य मी बाबांना सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्याच डोक्यात घर करून बसलं. कारण हाताला तर तसं वाटत नाही. हाताला वाटतं की फटका आपणच मारला, त्या क्षणी, मुठीतून. पण हाताला जे जाणवतं ते नंतर आलेलं असतं. सांगलीत आमच्या गल्लीत मुलगे खेळायचे तेव्हा एखादा गडी कमी पडला तर मला घ्यायचे. टेनिस बॉल असायचा तोवर ठीक होतं. एका दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी सीझन बॉल आणला. थंडी पडलेली, सकाळची वेळ, बॅट जुनी, हँडलचं रबर निघून नुसता दोरा उरलेला. चेंडू बॅटच्या पार बुडाशी लागला आणि कोपरापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी बॅट टाकून हात मांडीत दाबून खाली बसले. पोरं हसली. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला तो मऊ भाग, तिथे ती कळ अजून मला बोट ठेवून दाखवता येईल.

त्या कळेचंही गणित आहे. लाकडी बेसबॉल बॅटला टोला बसला की ती सेकंदाला साधारण १७० वेळा वाकत-उलगडत थरथरते. पण या थरथरीत बॅटवर काही जागा अशा असतात ज्या जागच्या हलतच नाहीत. बॅटच्या टोकापासून पाच ते सात इंच आत असा एक पट्टा आहे. चेंडू तिथे बसला तर थरथर जवळपास उठतच नाही, चेंडूला जास्तीत जास्त वेग मिळतो आणि हाताला जवळजवळ काही कळतच नाही. आपल्याकडे ‘मधे बसला’ म्हणतात तो फटका हाच. मला यातली गंमत अशी वाटते, की उत्तम फटका हाताला सर्वात कमी जाणवतो. चुकलेला फटका कोपरापर्यंत ओरडत येतो, आणि जमलेला मुकाट निघून जातो. तो जमला हे कानाला कळतं, डोळ्यांना कळतं, हाताला अगदी शेवटी. आउटफिल्डमधले खेळाडू तर आवाजावरच अंदाज बांधतात. लाकडाचा खाडकन फुटल्यासारखा आवाज आला की मागे पळायचं, बसका आवाज आला की पुढे.

ईशानच्या बॅटचा ‘टिंग’ हे मात्र वेगळं प्रकरण. ती धातूची, आतून पोकळ. चेंडू लागला की तिची भिंत किंचित आत दबते आणि पुन्हा बाहेर येते, त्यामुळे चेंडूला स्वतःला कमी चेपावं लागतं. चेंडू चेपला की तोटा ठरलेला. बूच आणि रबराचा गोळा, त्यावर लोकरीचा धागा गुंडाळलेला, वर गाईचं कातडं आणि लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके, असला चेंडू उसळायला तसा आळशीच. चेपण्यात गेलेल्या ऊर्जेतला पाऊण हिस्सा तो गिळून टाकतो. पोकळ बॅटची भिंत तेवढ्या प्रमाणात त्याला वाचवते. म्हणून तर २०१८ पासून इथे लहान मुलांच्या बॅटना नवी मर्यादा आली, धातूची असली तरी लाकडासारखीच वागली पाहिजे. ईशानच्या बॅटवर तसा शिक्का आहे. बाबांनी तो भिंगातून वाचला.

तर मग फटक्याला जोर कुणाचा? आधीच्या दीडशे मिलिसेकंदांचा. बॅट हलायला लागल्यापासून चेंडूपर्यंत पोचायला मोठ्या खेळाडूला एवढाच वेळ लागतो, आणि जे काही करायचं ते त्यात. त्याची सुरुवात हातांपासून होत नाही हे मला ईशानच्या सरावाला बसून बसून दिसायला लागलं. आधी पुढचा पाय जमिनीवर टेकतो. मग कंबर वळते, आणि ती वळत असताना खांदे अजून मागेच असतात, जणू त्यांना कुणी निरोपच दिला नाही. मग खांदे. मग हात. बॅट सगळ्यात मागे, खांद्याजवळ रेंगाळलेली. मग कंबर थबकते, खांदे मंदावतात, हातही मंदावतात, आणि प्रत्येकाने थांबताना आपला वेग पुढच्याच्या हवाली केलेला असतो. शेवटी सगळा ऐवज बॅटच्या टोकाकडे. आपल्याला वाटतं शेवटचा झटका मनगटाचा. पण त्या शेवटच्या टप्प्यात मनगटं बॅटला ढकलण्याऐवजी तिच्यामागे कशीबशी धावत असतात. बॅट बाहेरच्या बाजूला इतकी ओढ घेते की तिला नुसतं धरून ठेवायला मोठ्या माणसाच्या वजनाएवढा जोर लागतो. ओल्या हातमोज्यातून ती निसटली यात ईशानचा काही गुन्हा नव्हता.

हे बाबांना पटलं. ओढ, वजन, त्रिज्या हे त्यांच्या घरचं. पण मग त्यांनी उलटा प्रश्न टाकला: पकड एवढी बिनकामाची, तर हे लोक हँडलला काळा चिकट लेप का लावतात? पाइन टार. १९८३ साली कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचा होम रन याच लेपापायी रद्द झाला होता, कारण तो हँडलच्या टोकापासून १८ इंचांच्या पुढे गेला होता. ब्रेट डगआउटमधून डोळे वटारून अंपायरच्या अंगावर धावला ते दृश्य इथे अजून लोक आवडीने बघतात. वरिष्ठांनी नंतर तो होम रन मान्य केला आणि उरलेली मॅच तीनेक आठवड्यांनी खेळवली. एवढी भांडणं काय उगाच होतात? नाही होत. लेप टकरीच्या क्षणासाठी नसतोच, टकरीपर्यंत पोचण्यासाठी असतो. हात घसरणार या धास्तीने माणूस आधीच अंग चोरतो, आणि अंग चोरलं की कंबरेपासून निघालेला वेग वाटेतच आटतो. फटक्यानंतर बॅट पूर्ण फिरवायची जी शिकवण आहे तिचंही तसंच. चेंडू गेल्यावर बॅट पाठीपर्यंत न्या नाहीतर जागच्या जागी टाका, चेंडूला काही सोयरसुतक नाही. पण थांबायचं ठरवलेला माणूस थांबतो अलीकडेच. म्हणून कोच ओरडतो, आणि ओरडतो ते बरोबरच.

कोचचं दुसरं ओरडणं मात्र मला हल्ली ऐकवत नाही. “शेवटपर्यंत बॉलवर नजर ठेव!” आमच्या गल्लीतही हेच होतं, “बॉल बघ, बॉल बघ.” १९८४ साली टेरी बेहिल आणि त्यांच्या सहकाऱ्याने याची परीक्षाच घेतली. दोरीने ओढलेला प्लास्टिकचा चेंडू प्लेटकडे, म्हणजे फलंदाज जिच्याशेजारी उभा राहतो त्या पाटीकडे, यायचा आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांची, डोक्याची हालचाल मोजली जायची. कुणालाही चेंडू शेवटपर्यंत बघता आला नाही. त्यातल्या व्यावसायिक खेळाडूचीसुद्धा नजर प्लेटच्या साडेपाच फूट अलीकडे चेंडूच्या मागे पडली. माणसाचा डोळा तेवढा वेगाने फिरतच नाही. २००० साली इंग्लंडमध्ये मायकल लँड आणि पीटर मॅक्लिओड यांनी क्रिकेटच्या फलंदाजांना डोक्याला कॅमेरा लावून उभं केलं, तर तेही चेंडू सतत बघत नव्हते. चेंडू सुटताना बघायचा, मग नजर टप्पा जिथे पडणार तिथे आधीच नेऊन ठेवायची आणि वाट बघायची. चांगला फलंदाज तिथे लवकर पोचायचा, एवढाच फरक.

बेसबॉलमध्ये टप्पाही नाही. पिचरच्या पाट्यापासून प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच. ताशी १४५ किलोमीटरने आलेल्या चेंडूला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यातला दीडेकशे मिलिसेकंद बॅटचा. डोळ्यांनी बघून डोक्याने ठरवायला जे उरतं ते एवढंसंच, आणि चेंडू अर्ध्या वाटेवर असतानाच निकाल लावावा लागतो. त्यानंतर चेंडू वळला, बुडाला, तरी बॅट निघालेली असते. सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी चूक झाली की फटका मैदानाच्या रेषेबाहेर. बॅट गोल, जास्तीत जास्त २.६१ इंच जाड, चेंडूही गोल, आणि लांब मारायचा तर चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली लागला पाहिजे, म्हणजे तो उलटा फिरत हवेत तरंगतो. अर्धा इंच इकडेतिकडे झालं की एक तर सरपट, नाहीतर थेट डोक्यावर उंच झेल. क्रिकेटची सव्वाचार इंच रुंद सपाट बॅट वापरून वाढलेल्या माणसाला हा शुद्ध जुलूम वाटतो. इथे दहातल्या तीन वेळा जमलं तरी थोर समजतात, आणि का, ते मला आता कळतं.

मला स्वतःला ते बॅटिंग केजमध्ये अंगावर आलं. मॉलच्या मागे एक आहे, नाणं टाकलं की यंत्र चेंडू फेकतं. सगळ्यात हळू वेगाच्या खणात मी हेल्मेट घालून उभी राहिले. रबराचा, जुन्या टायरचा वास. यंत्राचा हात वर येताना घरघर करतो, मग एकदम शांत, आणि चेंडू मागच्या पडद्यावर धप्प. मी बॅट फिरवायला घ्यायच्या आत. मग मी चेंडूची वाट बघणं सोडलं आणि घरघर थांबली की निघायचं ठरवलं. जाळीमागून बाबा मराठीत सूचना देत होते आणि शेजारच्या खणातली शाळकरी मुलगी माझ्याकडे दयेने बघत होती. एक लागला. खरंच मधे लागला. हाताला काहीच जाणवलं नाही, नुसती बॅट हलकी झाल्यासारखी वाटली आणि चेंडू समोरच्या जाळीत जाऊन अडकला. आनंद झाला, पण त्या आनंदात थोडी फसवणूकही वाटली. म्हणजे एवढं चांगलं काही घडलं आणि आपण तिथे नव्हतोच की काय!

बाबांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांनी आता आपला खेळाडू निवडलाय. विजय हजारे सांगलीचे, हे ते अजून कुणालाही पहिल्या भेटीत सांगतात. हजारेंच्या चालीचा म्हणून त्यांना बेसबॉलमधला लुईस अराएज सापडला. आता बॅटचा वेगही कॅमेरे मोजतात आणि २०२४ पासून ते आकडे सगळ्यांना बघायला मिळतात. मोठ्या लीगमधली सरासरी ताशी ११६ किलोमीटरच्या आसपास. यांकीजचा जानकार्लो स्टँटन १३० च्या घरात. आणि अराएज अगदी तळाला, जेमतेम शंभर. बॅट थोडक्यात फिरवायची, गडबड नाही, चेंडू जिथे माणूस नाही तिथे टाकायचा. अशा बॅटने त्याने २०२२, २०२३ आणि २०२४ असे सलग तीन वर्षं, तीन वेगळ्या संघांकडून खेळत, फलंदाजीच्या सरासरीचं अजिंक्यपद मिळवलं. बाबा खूष. “बघ, जोराचं काही नसतं.”

ईशानने लगेच आजोबांना कागदावर मांडून दाखवलं, त्याच्या कोचने शिकवलेलं. फटक्याचा वेग काढायचा तर येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा फक्त पाचवा हिस्सा धरायचा, आणि बॅटच्या वेगाची मात्र सव्वापटीला थोडी कमी, १.२ पट. म्हणजे पिचरने कितीही जोरात टाकू दे, खरी कमाई बॅटच्या वेगाची, त्याच्या सहापट. चेंडू ताशी १४५ ने आला आणि बॅट ११२ ने गेली तर फटका निघतो १६३ ने, आणि कोन बरोबर असेल तर चारशे फूट जातो. बाबांनी बेरीज तपासली. बरोबर होती. “पण आधी लागायला तर पाहिजे,” ते म्हणाले. ईशान म्हणाला, लागेल. त्याला स्टँटन व्हायचंय. बारा वर्षांच्या मुलाला दुसरं कोण व्हावंसं वाटणार, आणि वर गणितही त्याच्याच बाजूचं.